पोर्ट्रेटमध्ये रिटचिंग किती करायचं आणि हात कुठे आवरायचा

सहा-सात वर्षं झाली असतील, गोव्यात फोंड्याजवळच्या एका गावात एका बाईंचं पोर्ट्रेट काढलं होतं, वय सत्तरच्या पुढे, राजांगणाच्या, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणाच्या, कडेला खांबाला टेकून बसलेल्या आणि वरून पावसाळी उजेड. फोटो खरंच चांगला आला होता. घरी येऊन नेहमीसारखं रिटचिंगला, म्हणजे डाग-बिग पुसून फोटोची दुरुस्ती करायला, फोटोशॉपमधला हीलिंग ब्रश घेऊन बसलो आणि दिसेल तो ठिपका पुसत गेलो, त्यात डाव्या नाकपुडीवरचा एक बारीक काळा ठिपकाही गेला. प्रिंट द्यायला गेलो तर त्यांची मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हें आवयचें नाक न्हय मरे," म्हणजे हे आईचं नाक नव्हे. मला कळेचना. मग तिने सांगितलं की तो ठिपका म्हणजे चमकीचं भोक, वडील गेल्यापासून आईने नाकात काही घातलेलं नाही, भोक तसंच रिकामं राहिलंय. मी डाग समजून ते बुजवलं होतं. हीलिंग मूळ फोटोच्या वरच्या वेगळ्या लेयरवर (थरावर) केलं होतं म्हणून परत आणता आलं, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे.

त्यानंतर माझी कामाची पद्धतच बदलली, ती इथे नीट लिहून काढतोय कारण नवीन मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न हाच असतो, दादा रिटच करायचं की नाही करायचं. माझं म्हणणं असं की निम्म्याहून जास्त रिटचिंग फोटो काढायच्या आधीच उजेडाने करून घ्यायचं, उरलेलं त्या माणसाला विचारून करायचं आणि चेहऱ्यावर जे कायमचं आहे त्याला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. हे लग्नाच्या अल्बमबद्दल नाहीये हं, तिथे गिऱ्हाईक काय मागतं ते वेगळं असतं, मी बोलतोय ते भिंतीवर लावायच्या, प्रदर्शनात ठेवायच्या पोर्ट्रेटबद्दल, ज्याला फाइन आर्ट म्हणतात.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की पूर्वी सगळं नैसर्गिक होतं आणि फोटोशॉपने बिघडवलं. फिल्मच्या आधी काचेच्या निगेटिव्ह असायच्या तेव्हापासून स्टुडिओवाले त्यावर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या आणि डाग झाकत आलेत, त्यासाठी तिरकं, मागून उजेड येणारं खास डेस्क असायचं. आपल्याकडे तर काळ्यापांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरायची मोठी परंपरा होती, जुन्या घरांच्या ओसरीवर असे आजोबा-पणजोबा अजून टांगलेले दिसतात, गाल गुलाबी आणि कोटाची बटणं सोनेरी. याच्या अगदी उलट ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही इंग्रज फोटोग्राफर, जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा, अठ्ठेचाळीस वर्षांची असताना मुलीने कॅमेरा भेट दिला तेव्हा कुठे तिने सुरुवात केली आणि तिच्या फोटोंत काचेवरचे ओरखडे, बोटांचे ठसे, हललेलं फोकस सगळं तसंच असायचं. लोकांनी नावं ठेवली तरी तिने ते पुसलं नाही. पण तिचे चेहरे मऊ, धूसर दिसतात, म्हणजे कातडीचं प्रत्येक छिद्र दाखवणं म्हणजेच खरेपणा असंही तिने मानलं नाही. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

कारण बघा, आजचे कॅमेरे चोवीस, पंचेचाळीस मेगापिक्सेलचे, लेन्स सुरीसारख्या धारदार, त्यात जे दिसतं ते माणसाला समोर बसून कधीच दिसत नाही. आपण कुणाच्या बाल्कांवावर (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) समोरासमोर बसून बोलतो तेव्हा मध्ये तीन-चार फुटांचं अंतर असतं, तेवढ्यावरून तीळ दिसतो, सुरकुत्या दिसतात, देवीचे वण दिसतात, पण नाकावरची छिद्रं मोजता येत नाहीत आणि ओठावरची बारीक लव दिसत नाही. तर माझं माप तेच. समोर बसून बोलताना जे दिसतं ते फोटोत राहायला पाहिजे, आणि जे फक्त शंभर टक्के झूम केल्यावर दिसतं ते थोडं सौम्य केलं तर त्या माणसावर काही अन्याय होत नाही. नैसर्गिक सौंदर्य नैसर्गिक सौंदर्य म्हणून जे ओरडतात ते बऱ्याचदा कॅमेऱ्याचा कठोरपणा माणसाच्या माथी मारतात.

दुसरं माप वेळेचं. हे बऱ्याच रिटचर लोकांचं जुनं माप आहे आणि ते चांगलं आहे, दोन आठवड्यांनी जे आपोआप जाणार ते काढलं तर चालतं. मुरूम, दाढी करताना कापलेलं, घामोळं, पावसाळ्यात डास चावून आलेली गांध, चष्मा काढल्यावर नाकावर राहणारे दोन खड्डे, विस्कटलेलं काजळ. हे सगळं जाऊ दे. तीळ, जुना व्रण, गोंदण, सुरकुत्या, कोड, उन्हात काम करून मानेवर पडलेली रंगाची रेघ हे त्या माणसाचं आहे. आणि देवीचे वण तर मी कधीच काढत नाही, भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, म्हणजे ते वण ज्यांच्या चेहऱ्यावर आहेत ती माणसं आता सगळी पन्नाशीच्या वरची आहेत आणि त्यांच्यानंतर असे चेहरे आपल्याला बघायला मिळणार नाहीत. ते पुसून गुळगुळीत करणं मला तरी बघवत नाही.

मधली एक जागा असते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. ती रात्रभर जागल्याने आलीत की जन्मापासूनची आहेत हे फोटो बघून कळत नाही, विचारावं लागतं. आईसारखीच आहेत माझी, असं कोणी म्हणालं तर राहू द्या, झोप नाही झाली म्हणाले तर थोडी हलकी करा, पूर्ण काढू नका, पूर्ण काढली की डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात.

आता उजेड, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण सगळी मेख इथेच आहे.

सुरकुत्या दिसतात त्या त्यांच्या सावलीमुळे. उजेड अगदी बाजूने आला की प्रत्येक रेघेची सावली पडते आणि चेहरा नांगरलेल्या शेतासारखा दिसतो, उजेड समोरून आला की सावल्या भरून निघतात आणि तोच चेहरा दहा वर्षांनी तरुण वाटतो. त्यातच उजेडाची जागा मोठी आणि जवळ असेल तर सावलीच्या कडा विरघळतात. म्हणजे खुर्ची एक फूट सरकवून आणि मान पाव फिरवून तुम्ही जे करता ते फोटोशॉपमध्ये तासभर बसून जमत नाही, आणि जमलंच तर ते कळतं. म्हणून पहिला प्रयोग घरीच करा, खिडकीपाशी कुणाला तरी बसवा, खिडकीपासून साधारण मीटरभर, आधी तोंड खिडकीकडे, मग थोडंथोडं फिरवत उजेड पूर्ण बाजूने येईपर्यंत, प्रत्येक वेळी एक फोटो. सात-आठ फोटो होतील. ते शेजारी शेजारी ठेवून बघा, रिटचिंगचं अर्धं शिक्षण तिथेच होतं.

आपल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या असतात, काचेऐवजी शिंपल्याचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले, त्यातून येणारा उजेड इतका मऊ असतो की पाच-दहा हजारांचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी स्टुडिओतली पेटी) त्यापुढे काही नाही. हल्ली फार कमी उरल्यात, कुणाच्या घरी असतील तर विनंती करून एक दुपार मागून घ्या. नसतील तर खिडकीला पांढरं पातळ धोतर नाहीतर ट्रेसिंग पेपर लावा, जवळजवळ तोच परिणाम मिळतो. राजांगणाचा उजेड वेगळा, तो वरून येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि वर्तुळं आहेत त्यापेक्षा गडद दिसतात. तिथे माणसाला अंगणाच्या अगदी काठावर न बसवता दोन पावलं आत ओसरीत घ्या आणि मांडीवर किंवा खाली थर्माकोलची शीट ठेवा, खालून उजेड परत वर जातो आणि खोबणी भरते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी साधी थर्माकोल शीट हेच माझं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं सामान आहे. सावलीच्या बाजूला दोन फुटांवर धरली की सावली हलकी होते, काढून तिथे काळं कापड धरलं की गडद होते, बस.

जून ते सप्टेंबर हा पोर्ट्रेटसाठी गोव्यातला उत्तम काळ असं माझं ठाम मत आहे, लोक डिसेंबरात कॅमेरा काढतात. आभाळ पूर्ण झाकलेलं असतं, दिवसभर उजेड एकसारखा. पण त्यात एक चोर असतो तो म्हणजे हिरवा रंग. शेताच्या बांधावर, नाहीतर कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) फोटो काढला की हनुवटीखाली आणि गालाच्या सावलीत हिरवी झाक येते आणि माणूस आजारी दिसतो, तसंच तांबड्या मातीच्या, चिऱ्यांच्या अंगणात खालून लाल झाक येते. हे नंतर फोटोत काढायला फार त्रास पडतो कारण झाक सगळ्या चेहऱ्यावर सारखी नसते. सोपा उपाय म्हणजे माणसाच्या पायाशी, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर अंथरा. एवढंच. मी ही चादर गाडीतच ठेवतो.

माडांच्या सावलीत फोटो काढू नका, झावळ्यांमधून उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडतात, ते कोणत्याही ब्रशने नीट निघत नाहीत. किनाऱ्यावर काढायचा तर सूर्य बुडायच्या आधीचा अर्धा तास आणि बुडाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं, डिसेंबरात म्हणजे सहाच्या आसपास, जूनमध्ये सातच्या आसपास. घरात काढताना ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड मिसळला की अर्धा गाल एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या, मग लोक रंग जुळवायला म्हणून सगळा चेहराच सपाट करून टाकतात. आणि घाम. दमट हवेत पाच मिनिटांत कपाळ आणि नाक चमकायला लागतं, त्या चकाकीत कातडीचं टेक्स्चर हरवतं आणि ते परत आणता येत नाही कारण तिथे फाइलमध्ये काही माहितीच नसते. सुती रुमाल जवळ ठेवा, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. कधीकधी मात्र तो घाम हवाच असतो, खाडीवरून होडी ओढून आलेल्या माणसाचा घाम पुसून फोटो काढला तर काय काढलं.

लेन्सबद्दल थोडक्यात. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ मिलिमीटर, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर ५० मिलिमीटर, ही आपली नेहमीची स्वस्त ५० एफ १.८ त्यासाठी उत्तम चालते. खरं काम अंतराचं असतं, फार जवळ गेलात की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, मग लोक लिक्विफाय टूलने नाक बारीक करत बसतात, जे नाक मुळात मोठं नव्हतंच. दीड-दोन मीटर लांब उभे राहा. मोबाइलवर मुख्य कॅमेरा वाइड असतो म्हणून तिथे दोन एक्स लावा आणि मागे सरका, ब्यूटी मोड किंवा फेस स्मूथ असं जे काही असेल ते शूटच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, काही फोनमध्ये ते आपोआप चालू असतं आणि एकदा पुसलेलं टेक्स्चर परत मिळत नाही. शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, घ्या. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.८ ते ४ च्या दरम्यान, फोकस जवळच्या डोळ्यावर, शटर १/१२५ सेकंदापेक्षा संथ नको. एफ १.८ ला एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा बाहेर जातो, तो मोह आवरा.

रंगाबद्दल मला मनापासून बोलायचंय. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एक कार्ड वापरायचे, त्यावर बहुतेक वेळा गोऱ्या बाईचा फोटो असायचा, त्याला शर्ली कार्ड म्हणायचे, म्हणजे गोरी कातडी बरोबर आली की बाकी सगळं बरोबर मानलं जायचं आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांचे चेहरे मातकट यायचे. ते दिवस गेले, पण सवय राहिली. लाइटरूम या फोटो एडिट करायच्या प्रोग्राममध्ये ऑरेंज रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणाचा) स्लायडर उजवीकडे ओढला की कातडी गोरी होते, एका सेकंदाचं काम, आणि मी कितीतरी जणांच्या प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगमध्ये) हे आधीच भरून ठेवलेलं बघितलंय, फोटो काढणाऱ्यालाही माहीत नसतं की आपण प्रत्येक माणसाला दोन शेड गोरं करतोय. तो स्लायडर शून्यावर आणा. आधी. बाकी सगळं नंतर.

सावळा रंग चांगला यायचा तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, बरोबर हवं. कॅमेरा जे दिसेल त्याला मध्यम करड्यावर आणायला बघतो, मागे पांढरी चुन्याची भिंत असेल तर तो सगळंच काळवंडून टाकतो, मागे काळोख असेल तर चेहरा उडवतो. स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणं) लावून थेट गालावर माप घ्या, आपल्याकडचे बरेच गव्हाळ-सावळे चेहरे त्या मध्यम करड्याच्या आसपासच येतात, फार गडद कातडी असेल तर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड). पहिल्या फोटोत ग्रे कार्ड हातात धरायला लावा म्हणजे व्हाइट बॅलन्सचा (उजेडाच्या रंगाची झाक काढायच्या सेटिंगचा) अंदाज करत बसावं लागत नाही. आणि गडद कातडी ही नुसती तपकिरी नसते, तिच्यावर उजेड पडतो तिथे निळसर, जांभळट चमक येते, ती फार सुंदर असते, ती राहू द्या.

हे शिकायचं तर चित्रं बघा. पणजीत फॉन्तेन्यासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद या चित्रकाराच्या चित्रांचा संग्रह आहे, १८७० ते १९३५ असा त्यांचा काळ, मूळ गोव्याचे आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे. घरातल्या माणसांची, साध्या माणसांची पोर्ट्रेट्स. जवळ जाऊन बघा की गालाच्या उजेडात आणि हनुवटीच्या सावलीत किती वेगवेगळे रंग आहेत आणि तरी चेहरा एकच वाटतो. तसेच गोव्याचे चित्रकार आंजेलु द फोंसेका, त्यांनी येशूची आई मेरी चितारली ती साडी नेसलेली, आपल्याकडच्या बायकांसारख्या रंगाची. त्यांची बरीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन केंद्रात आहेत. चित्रकाराला तर कोणताही चेहरा गुळगुळीत आणि गोरा करता आला असता, फुकटात, एकाही स्लायडरशिवाय. त्यांनी काय ठेवलंय ते बघत राहिलं की आपल्यालाही कळायला लागतं.

शूटच्या आधी बसून बोला, कॅमेरा पिशवीत ठेवून. मी दोन प्रश्न विचारतोच. चेहऱ्यावर असं काही आहे का जे फोटोत असायलाच पाहिजे, आणि असं काही आहे का जे नको. पहिल्या प्रश्नाला लोक आधी हसतात आणि मग एकदम काहीतरी सांगतात, हा व्रण विहिरीत पडलो होतो तेव्हाचा, हा तीळ माझ्या मुलीलाही आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायचं आणि मानायचं, तुमचं तत्त्व काहीही असो. कोणी म्हणालं की ही भाजल्याची खूण नको तर ती नको, चेहरा त्यांचा आहे, तिथे तुम्ही नैसर्गिक सौंदर्याचं व्याख्यान द्यायला जाऊ नका. पण आधी एक सुचवा, ती बाजू सावलीत ठेवूया का, किंवा मान वळवूया का. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होतं आणि पुसावं काहीच लागत नाही. दुहेरी हनुवटीचंही तसंच, मान किंचित पुढे आणि हनुवटी किंचित खाली, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला किंवा जरासा वर, सुटला प्रश्न.

आता एडिटिंग. मी फोटोशॉपमध्ये सांगतोय, गिंप या फुकट प्रोग्राममध्येही यातलं बरंचसं होतं. मूळ लेयरला हात लावायचा नाही, वर एक रिकामा लेयर घ्यायचा आणि हीलिंग ब्रशला सँपल करंट अँड बिलो (हा आणि खालचा लेयर बघ) असं सांगायचं, म्हणजे सगळी दुरुस्ती त्या रिकाम्या लेयरवर राहते. लेयरला नाव द्या, मुरूम, केस, काय असेल ते. माझ्या त्या चमकीच्या भोकाच्या वेळी हेच कामाला आलं. फोटो पन्नास टक्क्यांवर ठेवून काम करा, शंभरवर गेलात की थांबणं कठीण होतं, एक छिद्र काढलं की शेजारचं दिसतं आणि दोन तासांनी समोर प्लास्टिकची बाहुली असते.

मग डॉज आणि बर्न, म्हणजे थोडं उजळ, थोडं गडद. दोन कर्व्ह्ज लेयर घ्या, एक उजळ करणारा आणि एक गडद करणारा, दोघांचे मास्क (लेयर कुठे दिसावा ते ठरवणारे पडदे) काळे भरा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो एक-दोन टक्के ठेवून, हळूहळू हात फिरवा. याने टेक्स्चरला धक्का लागत नाही, फक्त उजेडसावलीचा ओबडधोबडपणा कमी होतो, कपाळावरची एखादी फार खोल रेघ थोडी उथळ करता येते. वेळ लागतो. लागू दे. हे करताना चेहऱ्याचा आकार बदलत नाही ना ते बघा, गालफडाखाली गडद आणि नाकाच्या दांड्यावर उजळ करत गेलात तर नकळत मेकअप होतो आणि माणूस दुसराच दिसतो.

फ्रीक्वेन्सी सेपरेशन नावाची पद्धत सगळे आधी शिकतात, त्यात रंग-उजेड एका लेयरवर आणि कातडीचं टेक्स्चर दुसऱ्या लेयरवर वेगळं काढतात आणि मग खालचा लेयर मऊ करतात. पद्धत वाईट नाही, मी कधीतरी एखाद्या छोट्या जागेवर वापरतो, पण सगळ्या चेहऱ्यावर फिरवली की गालाचे सगळे चढउतार जाऊन नुसती छिद्रं चिकटवलेला चेंडू उरतो. नवीन माणसाने पहिलं वर्षभर तिच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. लाइटरूममध्ये टेक्स्चर स्लायडर उणे दहापर्यंत ठीक, तेही मास्क लावून फक्त कातडीवर, डोळे, भुवया, ओठ, केस सोडून.

डोळे पांढरे करायचा मोह सगळ्यांना होतो. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात पिवळेपणा असतो, लाल रेषा असतात, ते पांढरेशुभ्र केले की नजरच जाते. डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब नीट पडलं असेल तर काही करावंच लागत नाही. दातांचंही तेच, आयुष्यभर पान खाल्लेल्या माणसाचे दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले दिसले तर तो फोटो खोटा.

ब्लॅक अँड व्हाइट केलं म्हणजे आपण प्रामाणिक, असाही एक गैरसमज आहे. तिथे रंगांचं मिक्स असतं, लाल स्लायडर वर नेला की कातडी उजळ आणि साफ होते, डाग गायब, आणि लाल खाली नेऊन हिरवा-निळा वर नेला की तोच चेहरा खडबडीत आणि उन्हाने भाजलेला दिसतो. फिल्मवाले हेच काम लेन्ससमोर रंगीत फिल्टर लावून करायचे. म्हणजे एकही डाग न पुसता तुम्ही वय वीस वर्षांनी इकडेतिकडे करू शकता. मला मच्छीमार बांधवांचे असे मुद्दाम काळवंडलेले, कॉन्ट्रास्ट ठासून भरलेले फोटो बघून वाईट वाटतं, गुळगुळीत केलेल्या फोटोइतकंच. गरिबी उठून दिसावी म्हणून सुरकुत्या खोल करणं हेही रिटचिंगच आहे, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. आधी रंगीत फोटोत चेहरा बरोबर आणा, मग त्याच्याशी ताडून बघत ब्लॅक अँड व्हाइट करा.

एआयवाल्या फेस एन्हान्सपासून लांब राहा. ते अस्पष्ट डोळा साफ करत नाही, दुसऱ्या हजारो डोळ्यांवरून शिकून एक नवीन डोळा काढतं. पापण्या नवीन, दात नवीन. आजोबांचा जुना फोटो नीट करायला म्हणून लोक वापरतात आणि घरात दुसऱ्याच कुणाचे आजोबा टांगतात.

काम झालं की सगळे लेयर एका ग्रुपमध्ये टाका आणि ग्रुपची ओपॅसिटी (तो किती ठळक दिसतो ते) सत्तर टक्क्यांवर आणा. मला जवळजवळ दर वेळी सत्तर टक्केच बरं वाटलंय, म्हणजे मी दर वेळी तीस टक्के जास्त करतोच. मग फाइल बंद करून झोपा आणि सकाळी पुन्हा बघा. आधीचा आणि नंतरचा फोटो त्या माणसाला शेजारी शेजारी दाखवा, लपवू नका. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केला असेल तर फोटोवर तसं लिहावं लागतं, नॉर्वेतही २०२२ पासून असा कायदा आहे. आपल्या कलेच्या फोटोला असा काही नियम लागू नाही, म्हणून मी प्रदर्शनात फोटोखाली स्वतःच एक ओळ लिहितो, काय केलं आणि काय केलं नाही. लोक ती वाचतात आणि त्यावर बोलतात.

शेवटी प्रिंट. स्क्रीनवर जे खपून जातं ते कागदावर खपत नाही, गुळगुळीत केलेला गाल प्रिंटमध्ये मेणासारखा दिसतो. चोवीस मेगापिक्सेलची फाइल तीनशे पीपीआयवर (इंचाला तीनशे पिक्सेल) साधारण वीस बाय तेरा इंच छापता येते, तेवढं पुरे. मोठी प्रिंट काढण्याआधी फक्त डोळे-नाक-गाल एवढा तुकडा पूर्ण आकारात छापून बघा, तीन-चार फुटांवर धरून. मॅट कॉटन पेपर बारीक टेक्स्चर थोडं गिळतो आणि काळा रंग जरा फिका करतो, त्यामुळे त्यासाठी फाइल थोडी अधिक धारदार ठेवावी लागते, चकचकीत कागदावर तीच फाइल कर्कश वाटेल. आणि आपल्याकडे बुरशीचा त्रास, फ्रेम करताना काच थेट फोटोला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला, फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावा म्हणजे भिंतीत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहते, पावसात ओल येणाऱ्या भिंतीवर लावूच नका. त्या बाईंचा फोटो आता ओसरीत आतल्या भिंतीवर आहे, चमकीच्या भोकासकट. गेल्या पावसाळ्यात मी जाऊन मागचा कागद बदलून आलो.